बंदुकीच्या मेळाव्यात

वर्ध्याला तीस वर्षं पोलिसात हवालदारकी केली, पण फुकटात बंदूक उडवायला मिळते हे अमेरिकेतच ऐकलं. बंदुकीच्या एका कंपनीनं मैदानात मेळावा ठेवला होता, कुणीही यावं अन् नव्या बंदुका उडवून बघाव्यात. आमचा पोरगा निमिष त्याच्या बेलव्ह्यूच्या घरून दीड तास ड्राइव्ह करून मला घेऊन गेला. "बाबा, दाखवा जरा या गोऱ्यांना तुमचा नेम!"

मी खुशीतच होतो. मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला की पोरगा कायमचा घरी येणार होता. तसं त्यानंच आईला फोनवर सांगितलं होतं. दुखरे गुडघे घेऊन ती बाई त्याच्यासाठी वरचा मजला रंगवून घेत होती.

निमिषनं दोघांचे फॉर्म भरून दिले. टेबलामागच्या पोरीनं माझा पासपोर्ट बघितला अन् मान हलवली. निमिष म्हणाला, "बाबा, सॉरी. व्हिसावर आलेल्यांच्या हातात बंदूक देत नाहीत म्हणे, इथला कायदा आहे."

मी त्याच्या पाठीत धपका घातला. "मग तुला तरी कोण देतंय रे? तूही व्हिसावालाच. चल, दोघं बाकावर बसू अन् यांचे नेम चुकताना बघू."

तो माझ्याबरोबर वळला.

पोरगी त्याचा फॉर्म हातात घेऊन मागून ओरडली, "नो नो, सर! यू कॅन शूट. यू आर अ सिटिझन!"