चष्मा कुठे मिळतो?

आजोबांनी महिनाभर घसा कोरडा केला होता. त्यांची आठ वर्षांची नात ठकू स्वमग्न. कविता एकदा ऐकली की तोंडपाठ, पण औषध कुठे मिळतं असं विचारलं की गप्प. म्हणून आजोबा रोज तिला बोटाला धरून बाजारात न्यायचे आणि प्रत्येक दुकानासमोर थांबून तेच प्रश्न विचारायचे. एव्हाना दुकानदारच कंटाळून उत्तरं द्यायला लागले होते.

आज शाळेत तोंडी परीक्षा होती. ती जमली, तर ठकू शेजारपाजारच्या मुलींबरोबर नेहमीच्या वर्गात बसणार होती. आजोबा मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले.

"औषध कुठे मिळतं?" बाईंनी विचारलं.

"औषधांच्या दुकानात."

"आणि चपला?"

"चपलांच्या दुकानात."

आजोबांची मान ताठ झाली.

"चष्मा कुठे मिळतो?"

"आजोबांच्या डोक्यावर."

बाईंनी हळूच फुली मारली. आजोबांचा चेहरा पडला. चष्म्याच्या दुकानासमोर तर आपण सगळ्यात जास्त वेळ थांबायचो, मग नेमकं इथेच कसं चुकलं?

"बाकी सगळं छान सांगितलं हो तिनं. आजोबा, इथे सही करा," म्हणत बाईंनी कागद पुढे सरकवला.

आजोबांनी खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, बाकाखाली नजर टाकली. "जरा थांबा हं, बाई. माझा चष्मा आत्ता तर इथे होता."

 

बाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि फुली खोडून तिथे बरोबरची खूण केली.