सुखरूप पोचलो, बाबा

संध्याकाळी सात वाजता मेसेज आला : ‘बाबा, बेटाजवळ सुखरूप पोचलो. नांगर टाकला. जेवून घ्या.’

बडनेऱ्यात एकटे राहणारे निवृत्त स्टेशन मास्तर मोतीराम वानखडे यांनी तो दोनदा वाचला आणि मगच ताट वाढून घेतलं. पुढच्या स्टेशनावरून गाडी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय ते नोकरीत कधी जेवले नव्हते. सिंगापूरचा मुलगा स्वप्निल, सून मंजुषा आणि नात पायल शिडाच्या बोटीनं बेटं हिंडायला गेल्यापासून त्यांनी घरातही तोच नेम धरला होता. निरोप रोज सातच्या ठोक्याला येत होता.

ते हात धूत होते, तेवढ्यात अकोल्याहून व्याही केशवरावांचा फोन आला.

“भाऊ, बोटवाल्या कंपनीचा फोन होता. कालपासून बोटीचा पत्ता लागून नाही राहिला.”

“काहून भेव दाखवता? गाडी पोचली का नाही, हे स्टेशन मास्तरले सांगता काय? आताच तं मेसेज आला मले. जेवलोबी मी.”



“ते मेसेज पायलनं निघायच्या आधीच घरच्या कंप्युटरवर स्वप्निलच्या नावानं टाइम लावून ठेवले होते, भाऊ. पुऱ्या सुट्टीचे. मले बोलली होती, तिथं रेंज नाही राहत, अन् आबा मेसेजबिगर जेवत नाहीत.”



बोटीचा शोध सुरू आहे. उद्याचा मेसेज सात वाजता येईल.