चार वाजताचा बिघाड

चित्र पुन्हा थांबलं. नवरदेवाचा हात हारासकट हवेतच राहिला, सनईही मध्येच तुटली. गिरिधररावांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: चार वाजून बारा मिनिटं, शूटिंगचं अकरावं मिनिट, पूर्ण थांबा, दहा सेकंद.

नववा दिवस होता. पुतण्याच्या, उन्मेषच्या लग्नाचं हे शूटिंग फुल एचडी होतं आणि मनीषनगरच्या घरातला हा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. गिरिधररावांनी कॅबिनेट उघडून धूळ उडवली होती. रॅमची पट्टी खोडरबरानं पुसली होती. प्लेअर बदलला, फाईल पेनड्राईव्हवरून डिस्कवर घेतली. कूलरमुळे व्होल्टेज पडत असेल म्हणून ऐन मे महिन्यात कूलर बंद करून नवराबायको घामाघूम बसले. आपण लग्न पाहून राहिलो का भट्टीत बसलो, असं प्रेमलताबाईंनी पदरानं वारा घेत विचारलं. खुर्ची मात्र सोडली नाही.

नोकरीची शेवटची दहा वर्षं गिरिधररावांनी मौद्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या होत्या. नोंदी नीट ठेवा, बिघाड स्वतःच आपलं नाव सांगेल, असं ते नव्या लोकांना बजावत. या नोंदी मात्र काहीच सांगत नव्हत्या. सकाळी तीच फाईल सुरळीत चालायची. चार वाजले की धापा टाकायची. धक्के खात चालायची आणि त्याशिवाय काही ठिकाणी सपशेल थांबायची: अकरावं मिनिट, चौदावं, अठ्ठाविसावं. रोज तीच. फाईल खराब असती तर ती सकाळीही तिथेच अडकली असती. मग सकाळीच पाहत जाऊ, असं ते वैतागून म्हणाले, तेव्हा प्रेमलताबाईंनी ऐकलं नाही. त्यांना चारलाच वेळ असायचा. अडकण्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. चिडचिड सगळी गिरिधररावांची. एकतिसाव्या मिनिटाला मात्र ते स्वतःच चित्र पुढे ढकलत. तिथे काही नाही, नुसता लग्नाच्या लॉनबाहेरचा रस्ता आहे, म्हणत.

आज त्यांनी चित्र अर्ध्या पडद्यावर घेतलं आणि शेजारी चालू प्रोग्रामची यादी उघडली. प्रोसेसरचा निम्म्याहून जास्त भाग एकच प्रोग्राम खात होता. तो ओळखीचा होता. पुण्याला नोकरीवर जाताना नूपुरनं, त्यांच्या मुलीनं, बसवून दिला होता. बिघडलं तर तिकडूनच दुरुस्त करून देईन बाबा, म्हणाली होती. त्यांनी क्लिक केलं. छोटी चौकट उघडली. नूपुर जोडलेली आहे, चार वाजल्यापासून. खाली एक बटण होतं: जोडणी तोडा.

दोन वर्षांपूर्वी नूपुरनं कोर्टात लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. तेव्हापासून गिरिधरराव तिच्याशी बोलले नव्हते. उन्मेषच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनीच तिला जाऊ दिली नव्हती. आणि तेच लग्न ती रोज पुण्यात बसून, त्यांच्याच पडद्यावर पाहत होती.

"तुले माहीत होतं हे?"

प्रेमलताबाईंनी कप खाली ठेवला. एवढी मोठी फाईल त्यांना नूपुरकडे पाठवता येत नव्हती, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी फक्त लावून देते. थांबवते ते तीच."

गिरिधररावांनी माऊसचा बाण बटणावर नेला. हा बाण पुण्यातही दिसत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. एक क्लिक, की सगळे धक्के बंद झाले असते. तिकडून काहीच हललं नाही. तिनं स्वतःहून जोडणी तोडली नाही. शेजारी लग्न रखडत पुढे जात राहिलं आणि चौदाव्या मिनिटाला थांबलं. प्रेमलताबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

पडद्यावर गिरिधरराव स्वतः होते. सैल झालेला फेटा एका हातानं सावरत पंगतीत कुणाला तरी आग्रह करत होते.

त्यांनी वही उघडली. अकरावं मिनिट. उन्मेषच्या हाराच्या मागे मुठीत अक्षता धरून तेच उभे होते. अठ्ठाविसावं मिनिट. फाईल पुढे न नेताही त्यांना आठवलं: सोफ्यावर बसल्या बसल्या लागलेला डोळा. नऊ दिवस ते यंत्राचा दोष लिहून ठेवत होते, आणि प्रत्येक ओळीत तेच होते.

"रोज विचारते मले," प्रेमलताबाई म्हणाल्या, "बाबा बारीक झाले काय म्हणून."

दहा सेकंद उलटून गेले. आज चित्र पुढे सरकलं नाही.

गिरिधररावांनी बाण बटणावरून काढला, सावकाश, तिकडे दिसेल असा. मग चित्र एकतिसाव्या मिनिटावर नेलं. लॉनबाहेरचा रस्ता. वऱ्हाड केव्हाच आत गेलेलं. फाटकाशी ते एकटे, फेटा हातात, स्टेशनकडून येणाऱ्या ऑटोंकडे एकेक करून पाहत असलेले.

तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं चित्र थांबवलं.