डोळ्यावाला मासा

ट्रंकेच्या कोपऱ्यावर खडूनं काढलेला मासा दिसला आणि रज्जाकच्या किटलीतला चहा कप सोडून बशीत, बशी सोडून टेबलावर गेला.

“काऊन बे, भूत पाह्यलं का?” टांगेवाला उकंडराव बाकावरून ओरडला. भाडं नसलं की तो रज्जाकच्या खानावळीतच पडलेला असे.

रज्जाकनं त्याचं मनगट धरून त्याला चुलीमागे ओढलं. “मासा पाह्यला! डोळ्यावाला!”

मुंबईच्या गाडीनं नांदुऱ्याला उतरलेले एक साहेब हॅट काढून बाहेर वारा घेत बसले होते. पायाशी ती काळी ट्रंक. रज्जाकनं बावीस वर्षं मोंबासाच्या बोटीवर बड्या लोकांना जेवण वाढलं होतं, आणि त्या माशाचा अर्थ बोटीवर राबणाऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. उतारू निघाला की त्याच्या सामानावर गुपचूप मासा काढायचा. बक्षिसी देताना हात आखडणाऱ्याचा मासा आंधळा. सढळ हाताच्या माणसाच्या माशाला डोळा. पुढे जिथे कुठे आपला भाईबंद भेटेल, त्यानं काय ते ओळखावं. साहेबलोकांना वाटे, मालखात्याची खूण असेल.

“तीन वर्षं झाली, तुमी लोकं माह्यावर हसून राह्यले,” रज्जाक दम खात म्हणाला. “बोटीवर दहा-दहाची नोट बक्षिसी भेटे म्हटलं का थापा वाटतात. आता पाह्यजो!”

“दहाची नोट? जेवणाचे पैसे अलग?” उकंडराव खदखदून हसला. “ठेवली त आठ दिवस तुले टांग्यात फुकट फिरवतो. नाही ठेवली त बोटीच्या गोष्टी बंद, अन् दारावरची ते ‘जहाजी खानावळ’ पाटी उतरव. हाव का?”

“हाव!” रज्जाकनं टाळी दिली. देऊन बसल्यावर त्याची नजर दारावरच्या पाटीकडे गेली. पाटी गेली तर त्याच्या बावीस वर्षांचा नांदुऱ्यात पुरावाच उरणार नव्हता.

त्याची बायको चांदबी कोंबडी कापायला तयार नव्हती. “अजी, रोज अंडं देते ते!”

“चांद, आज अंड्याकडे पाहू नको. माह्या इज्जतीकडे पाह्य.”

पेटीच्या तळाचा पितळी बटणांचा पांढरा कोट निघाला. पोटावर बसेना, तरी त्यानं श्वास आवळून बसवला. डाव्या बाजूनं वाढलं, उजव्या बाजूनं उचललं. पाय पुन्हा डेकवर असल्यासारखे हलके पडत होते. साहेबही तसेच कसलेले. ताट पुढे यायच्या आतच त्यांचं कोपर बाजूला होई. रिकाम्या वाट्या त्यांनी एकात एक घालून, चमचे वर ठेवून टेबलाच्या कडेला सरकवल्या. असा समजूतदार उतारू बावीस वर्षांत रज्जाकला भेटला नव्हता.

“साहेब मोंबासाच्या बोटीनं आले?”

“हो. कालच उतरलो.”

“पहिल्यांदाच गेलते?”

“छे! फेऱ्या मोजायचं केव्हाच सोडलं.”

“अन् वर्ग?”

“कायम पहिला वर्ग.” साहेबांनी रश्श्यात भाकरी मोडली. “खालच्या डेकवर राहायची वेळ देवानं कधी आणली नाही.”

रज्जाकनं उकंडरावाकडे असं पाहिलं की उकंडरावानं मान फिरवली. तेवढ्यात चांदबीनं मोठ्या कौतुकानं ट्रंकेवरची धूळ पुसून काढली आणि धुळीबरोबर मासाही गेला. रज्जाकच्या काळजात चर्र झालं. पण पाहायचं ते त्यानं पाहून घेतलं होतं.

जेवण आटोपलं. साहेब उठले. खिशात हात गेला, रुमाल घेऊन बाहेर आला. त्यांनी ओठ पुसले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रज्जाकमिया, आवाज न करता ताट उचलणारे वाढपी बोटीवरही फार नाहीत. तुमच्या हाताला ते वळण आहे.”

रज्जाकनं कोटाची बटणं सारखी केली. तीन वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. वाटलं, पैज हरलो तरी चालेल.

“मी पिंपळगाव राजाला मेहुण्याकडे जातोय. शुक्रवारी इथूनच परतीची गाडी. जेवणाचं आणि तुमचं, सगळं तेव्हाच. बोटीची रीत मी तुम्हाला काय सांगायची?”

“रीत म्हंजे?” उकंडरावानं कान टवकारले.

“अबे, बोटीवर बक्षिसी शेवटल्या दिवशी भेटते!” रज्जाक आनंदानं जवळजवळ ओरडलाच. “पहिल्या दिवशी देते तो नवखा. ज्याले रीत ठाऊक हाये, तो थांबते. पटलं आता?”

उकंडरावाला पटलं. इतकं पटलं, की साहेबांना पिंपळगावला सोडायचं भाडंही त्यानं शुक्रवारवर टाकलं. ट्रंक त्यानं स्वतः उचलून टांग्यात ठेवली आणि घोड्याला हाक घातली.

टांगा दिसेनासा झाला तेव्हा रज्जाकच्या ध्यानात आलं, साहेबांना पान द्यायचं राहिलं. तो कोटासकट धावत सुटला. वाटेत दोघातिघांनी विचारलं तर त्यांनाही त्यानं धावता धावता सांगितलं, “माह्ये साहेब हायेत, बोटीवरले!”

रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून टांगा सापडला. मालगाडी धडधडत चालली होती. बिचकणाऱ्या घोड्याचा लगाम धरून उकंडराव पुढे उभा होता. रज्जाक मागून आला, पान पुढे करणार तोच थांबला. साहेब ट्रंकेवर वाकले होते. जाकिटाच्या खिशातून त्यांनी खडूचा तुकडा काढला, पुसून चकचकीत झालेल्या कोपऱ्यावर हात न उचलता पोट, पाठ आणि शेपटी काढली, आणि शेवटी माशाला डोळा दिला.