बाहेरची कडी

नाशिकचा बंगला विकायला काढून आठ महिने झाले होते. मंदीत गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा निरंजनने घटस्फोट झालेल्या बायकोला, मंजिरीला, फोन केला.

"घरविक्रीच्या सहाही साइटवर आता घरालाच गिऱ्हाइकांशी बोलू देऊ. हल्ली सगळे तसंच विकतात. फक्त बंगला दोघांच्या नावावर आहे, म्हणून त्याच्या जुन्या आठवणी पुसायला तुझीही संमती लागते."

"देते," मंजिरी म्हणाली, आणि फोन ठेवून तिने नकार नोंदवला.

रविवारी सकाळी तीसेक गिऱ्हाइकं एकाच वेळी साइटवरून घराशी बोलत होती; मंजिरी आपल्या घरी पडद्यावर ते पाहत होती. एका बाईंनी विचारलं, "बेडरूमला कडी बाहेरून का लावलीय?"

"मालक मालकीणबाईंना कोंडून ठेवायचे," घर शांतपणे म्हणालं. "चौदा वेळा. एकदा तर दोन दिवस."

दहा मिनिटांत निरंजनचा फोन आला. "आता हे घर कुणी घेणार नाही. नुकसान तुझंही आहे."

"ठाऊक आहे मला."

त्याचा आवाज कापताना तिने पहिल्यांदाच ऐकला होता. तिला तो आणखी ऐकायचा होता.

तोवर पडद्यावर त्या बाईंचा पुढचा प्रश्न आला होता. "त्या ओरडल्या नाहीत?"

"ओरडल्या," घर म्हणालं. "पण तेव्हा मला बोलायची परवानगी नव्हती."