शून्य सेकंदांचा थांबा

सुधारणा कुणाला थांबवता येत नाही, असं कंपनीचे मालक दर बैठकीत सांगत. त्या सकाळी सुधारणा झाली आणि बाकी सगळं थांबलं.

तळघरातल्या सर्व्हरच्या पोटात लिनक्स प्रणालीवर चालणारी वीसेक आभासी मशीन्स नांदत होती. एक बिलं फाडायचं, दुसरं गोदामाचा साठा सांभाळायचं. अपडेटनंतर एकही उठेना. फाटकापाशी भरलेले ट्रक बिलांवाचून अडले होते.

खापर फोडायला डोकं हवं होतं. अपडेट सगळ्यांवर एकदम टाका, हा हुकूम तांत्रिक सल्लागारांचा. पण सल्लागार म्हणजे मालकांचा मेहुणा. ते डोकं घरचं म्हणून बाद झालं. उरली सर्व्हर सांभाळणारी बाई. आधी एकावर करून बघू, असं ती म्हणाली होती, तेव्हा तिला भित्री ठरवून झालं होतं.

मालक माफीनाम्याचा कागद घेऊन खाली आले. मागोमाग मेहुणा. सही केली तर नोकरी राहील, नाही तर आजपासून घरी बसा, असं मालकांनी अगदी मायेने सांगितलं.

बाईचं बोट की-बोर्डवर दाबलेलं होतं. लिनक्स उठताना पाच सेकंद थांबून विचारतं, नव्या कर्नलवर, म्हणजे अपडेटने आणलेल्या गाभ्यावर, उठू की जुन्या? पाहुण्यांसमोर मशीन असं घुटमळलेलं बरं दिसत नाही, म्हणून मेहुण्याने तो थांबा शून्यावर आणून ठेवला होता. आता मशीन कुणालाही न विचारता नव्या कर्नलवर जायचं आणि तोंडावर आपटायचं. बटण दाबून धरलं, तरच विचारायचं.

विचारलं. तिने जुनं निवडलं. बिलांचं मशीन उठून बसलं. ती पुढच्याकडे वळली.

मालकांनी पेन पुढे केलं.

"चूक माझी असती तर लिहून दिलं असतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "माझी नाही, म्हणून नुसती दुरुस्त करतेय. आणि सल्लागारसाहेब, तेवढा वायरीवरचा पाय काढा."

मेहुण्याने पाय काढला.

वर केबिनमध्ये जाऊन दोघांनी तिला तत्काळ नोकरीवरून काढलं. आदेश ईमेलने पाठवला. ईमेलचं मशीन तिच्या रांगेत सगळ्यात शेवटी होतं.