नदीवरचा धडा

चौथीचा वर्ग आज भूगोल शिकायला थेट कर्ली नदीवर निघणार होता. उगमापासून मुखापर्यंत सगळा धडा पाठ करून सुभद्रा तयार बसली होती. पण धाकट्याला ताप भरला आणि आईने तिलाच धुण्याला लावलं.

"आई, माका शाळेवांगडा नदीर जावचा आसा!"

"नदीरच ना? मगे धुणा घेवन जा."

चडफडत ती दगडावर गोधडी आपटत होती, तोच काठाने गुरुजी आणि सगळी पोरं आली. तिचं काळीज सुपाएवढं झालं. ओला परकर पिळत ती उठली.

"गुरुजी, मी येव?"



"उठू नकोस, धूत राहा," गुरुजी म्हणाले आणि वर्गाकडे वळले, "बघा मुलांनो, हा नदीचा पहिला उपयोग."